हप्ता जातो, नोंद कुठे राहते?

सासऱ्यांची वही लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची होती. उभं आयुष्य बँकेत काढलेला माणूस; त्यामुळे म्युच्युअल फंडातली एसआयपीसुद्धा त्यांनी कीर्दीसारखीच लिहिली. तारीख, योजना, रक्कम, एनएव्ही, मिळालेले युनिट, एकूण युनिट. आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, त्याच्या डोक्यावर एकच शब्द : ‘का’. बहुतेक ओळींत तिथे नुसतं टिंब आहे. मार्च २०२० च्या ओळीत मात्र बारीक अक्षरात लिहिलंय : ‘बंद करावीशी वाटली. केली नाही.’

त्या महिन्याच्या २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७ हजारांच्या पुढे होता. हे आकडे कुठेही मिळतात. पण आपल्या घरातल्या एका माणसाने त्या आठवड्यात काय ठरवलं, आणि ठरवल्याप्रमाणे वागला की नाही, हे फक्त त्या वहीत आहे.

एसआयपीचा हिशेब कशात ठेवावा, असं आता बरेच जण विचारतात. विचारणारच. देशात एसआयपीतून महिन्याला गोळा होणारी रक्कम सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजार कोटींवर गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये वीस हजार कोटींवर. ज्यांच्या घरी भिशी, पिग्मी आणि पोस्टाची आरडी एवढाच नेम ठाऊक होता, त्यांच्याकडे आता चार फंड, एक डीमॅट, पीपीएफ आणि एखादं एनपीएस असतं. साधनंही ढीगभर : वही, एक्सेल, गूगल शीट, फुकट ॲप, पैसे भरून घ्यायचं ॲप, संगणकावरचं मुक्त सॉफ्टवेअर. गेली काही वर्षं यातली बहुतेक वापरून पाहिल्यावर माझं मत असं झालंय, की ही सगळी साधनं भाव मोजतात, नेम कुणीच मोजत नाही. त्यामुळे ‘सर्वात चांगलं ॲप कोणतं’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो. आपल्या पद्धतीतली अशी कोणती गोष्ट आहे, जी दुसरं कुणीही आपल्यासाठी लिहून ठेवत नाही?

आधी दुसरे काय लिहून ठेवतात ते पाहू, कारण ते लोकांना वाटतं त्याहून बरंच जास्त आहे. म्युच्युअल फंडांची खतावणी मुख्यतः दोन निबंधकांकडे असते, कॅम्स आणि केफिनटेक. या दोघांकडून पॅनवर आधारित एकत्रित खातेपत्रक, म्हणजे ‘कॅस’, ईमेलवर मागवता येतं. तपशीलवार प्रकार निवडला आणि कालावधी अगदी सुरुवातीपासूनचा दिला, तर पंधरा वर्षांपूर्वीचा पहिला हप्तासुद्धा त्यात दिसतो. डीमॅट असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून २०१५ पासून वेगळं एकत्रित पत्रक येतं. त्यात शेअर आणि फंड दोन्ही असतात. व्यवहार झालेल्या महिन्यात ते येतं, नाहीतर सहामाही. २०२१ पासून या दोन निबंधकांचं मिळून ‘एमएफ सेंट्रल’ही आहे. एवढं असताना दर महिन्याला युनिट हाताने उतरवून घेणं म्हणजे बँकेच्या पासबुकाची नक्कल करत बसणं.

नक्कल करताना माणसं कुठे अडखळतात तेही सांगतो. पाच हजारांचा हप्ता गेला, पण पत्रकात गुंतवलेली रक्कम ४,९९९ रुपये ७५ पैसे. ते २५ पैसे म्हणजे १ जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर लागणारं ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क. दुसरी गोम तारखेची. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे फंडाच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याच्या दिवसाचीच एनएव्ही लागते. बँकेतून ५ तारखेला वजा झालेले पैसे फंडाकडे ६ किंवा ७ तारखेला पोचले, तर एनएव्ही त्या दिवसाची. वहीत ५ तारखेचा भाव लिहिणाऱ्याचा ताळा कधीच जुळत नाही. मग तो रविवारची सकाळ त्यात घालवतो आणि शेवटी फंडवाल्यांना बोल लावतो. हा मीच.

थोडक्यात, व्यवहाराची नोंद ही आता सोडवलेली गोष्ट आहे. कॅस जपून ठेवा, वर्षातून एकदा सुरुवातीपासूनचं नवं मागवा. खरी निवड इथून पुढे सुरू होते, आणि ती पद्धतीवर ठरते.

साधी एसआयपी हा सर्वात बिनडोक नेम आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. रक्कम ठरलेली, दिवस ठरलेला, आदेश बँकेला दिलेला. मागची काहीच आठवण तिला लागत नाही. गेल्या महिन्यात काय झालं हे माहीत नसलं तरी या महिन्याचा हप्ता तोच. अशा नेमाला साधन जवळजवळ लागतच नाही. दरवर्षी दहा टक्के वाढवायची ठरवली असेल, तर वाढ झाली की नाही एवढं पाहिलं की पुरे.

आता ‘व्हॅल्यू ॲव्हरेजिंग’ घ्या. मायकेल एडल्सन यांनी १९८८ मध्ये ही रीत मांडली. इथे ठरलेला असतो तो हप्ता नव्हे, तर गुंतवणुकीचं मूल्य. समजा, दर महिन्याला मूल्य पाच हजारांनी वाढलं पाहिजे असं ठरवलं. तिसऱ्या महिन्याचं लक्ष्य पंधरा हजार. आधीच्या दहा हजारांचे घसरून ९,४०० झाले असतील तर ५,६०० भरायचे. वाढून १०,७०० झाले असतील तर फक्त ४,३००. बँकेचा स्वयंचलित आदेश इथे उपयोगाचा नाही, कारण रक्कम दर महिन्याला नव्याने निघते. लक्ष्य कुठवर आलंय हा आकडा फंडाच्या पत्रकात नसतो. तो तुम्हीच सांभाळायचा.

याचा आणखी कडक नमुना म्हणजे अमेरिकेतल्या रॉबर्ट लिचेलो यांची ‘एम’ पद्धत. घरी संगणक नव्हता त्या काळातली, १९७० च्या दशकातली, कागदावर रकाने आखून करायची. निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे रोख. ‘पोर्टफोलिओ कंट्रोल’ नावाचा एक आकडा ठेवायचा, सुरुवातीला शेअरमधल्या रकमेइतका. समजा तो पाच हजार आहे आणि शेअरचं मूल्य घसरून चार हजार झालं. फरक एक हजाराचा. त्यातून शेअरच्या मूल्याच्या दहा टक्के, म्हणजे चारशे, उतावळेपणाला आळा म्हणून वजा करायचे आणि सहाशेची खरेदी करायची. मग खरेदीच्या निम्मे, तीनशे, त्या आकड्यात मिळवायचे. कंट्रोल झाला ५,३००. पुढच्या महिन्याचा निर्णय या ५,३०० वर ठरणार.

ही पद्धत इथल्या कुणी करावी असं माझं म्हणणं नाही. पण साधन निवडायला शिकवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तो ५,३०० चा आकडा जगातल्या कुठल्याही दलालाच्या, डिपॉझिटरीच्या किंवा निबंधकाच्या दप्तरात नाही. तो हरवला की पद्धतच हरवली. गुंतवणूक तेवढी उरते. आपल्या पद्धतीत असा आकडा आहे का, असला तर तो कुठे लिहिलाय, एवढं विचारलं की निम्मी ॲपं आपोआप बाद होतात.

आपल्याकडे जास्त प्रचलित असलेली पद्धत म्हणजे साठ-चाळीस. साठ टक्के समभाग, चाळीस टक्के स्थिर उत्पन्न, आणि पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा समतोल. सहा लाख आणि चार लाखांनी सुरुवात केली. समभागांचे साडेसात लाख झाले, स्थिर भागाचे ४ लाख २० हजार. समभागांचा वाटा ६४.१ टक्के. म्हणजे अजून हात लावायचा नाही. गणित सोपं आहे. पण मराठी पगारदाराच्या घरात ते चार लाख कुठे असतात? पीपीएफमध्ये, ईपीएफमध्ये, पतपेढीत. पोस्टातली पीपीएफ कुठल्याही फंडाच्या ॲपला दिसत नाही. मग ॲप तुम्हाला शंभर टक्के समभागवाला समजतं आणि जोखीम कमी करा म्हणून सल्ला देतं. माझ्या एका मित्राने तो सल्ला ऐकून वर आणखी एक डेट फंड घेतला, आणि वर्षभराने लक्षात आलं की त्याचं साठ-चाळीस केव्हाच चाळीस-साठ झालंय.

म्हणून समतोलाची पद्धत असेल तर शीट. दुसरा चांगला मार्ग मला सापडलेला नाही. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क केलं, तेव्हा कोष्टकातला एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात यानेच लोक थक्क झाले होते. घरच्या गुंतवणुकीला आजही त्याहून फार जास्त काही लागत नाही. भाव आणायचे कष्टही उरले नाहीत. सर्व योजनांच्या एनएव्ही फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी रोज रात्री साध्या मजकुराच्या यादीत देते, आणि गूगल शीटमधलं गूगलफायनान्सचं सूत्र एनएसईवरचे भाव आणतं.

शीटमध्ये मात्र परताव्याच्या रकान्यात लोक स्वतःला फसवतात. वर्षभर दर महिन्याच्या सुरुवातीला पाच हजार भरले, एकूण साठ हजार. वर्षअखेरीला मूल्य ६४ हजार. परतावा किती? चार हजार भागिले साठ हजार, ६.६७ टक्के, मग बँकेची एफडी काय वाईट होती, असं घरात सुरू होतं. पण पहिला हप्ताच पूर्ण वर्ष आत होता. शेवटचा एकच महिना. प्रत्येक हप्ता किती दिवस राबला ते धरून काढला तर दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. हे काम एक्सआयआरआर हे सूत्र करतं. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. भरलेले पैसे वजा चिन्हाने आणि आजचं मूल्य शेवटच्या ओळीत अधिक चिन्हाने. सगळ्यांना एकच चिन्ह दिलं तर उत्तराऐवजी त्रुटी येते.

एक्सआयआरआरचाही दंभ असतो. पाच हजार भरले, महिन्यात दोन टक्के वाढले, तर ते सूत्र वार्षिक दर २६.८ टक्के दाखवतं. गणित बरोबर, अर्थ शून्य. पहिल्या वर्षात तो रकाना लपवून ठेवावा. माझ्या शीटमध्ये मी तसाच ठेवलाय, आणि लपवलेला रकाना उघडून पाहायची सवय अजून गेलेली नाही.

शीटची दुसरी कटकट नावांची. रिलायन्स म्युच्युअल फंड २०१९ मध्ये निप्पॉन इंडिया झाला, आयडीएफसी २०२३ मध्ये बंधन. त्याआधी सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गीकरणानंतर अनेक योजनांची नावं बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या. एचडीएफसी प्रूडन्स धुंडाळणाऱ्याला ती २०१८ पासून बॅलन्स्ड ॲडव्हान्टेजच्या नावाखाली सापडते. म्हणून ओळख नावाने ठेवू नये, आयसिनने ठेवावी. तो बारा अक्षरी क्रमांक कॅसवर छापलेला असतो. थेट आणि नियमित प्लॅन वेगळे आहेत हेही त्यावरूनच कळतं. १ जानेवारी २०१३ पासून थेट प्लॅन आले, आणि एकाच योजनेच्या दोन प्लॅनची एनएव्ही एकमेकांच्या जागी पडलेली मी दोन घरांत पाहिली आहे.

थेट शेअर घेणाऱ्यांना शीट याहून जास्त छळते. जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा मूळ खरेदी किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्क्यांत वाटून घ्यायची होती. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सचा एकास एक बोनस आला. या दोन्ही गोष्टी हाताने नोंदवल्या नाहीत तर शीट तुम्हाला तोट्यात दाखवेल. शेअरच्या बाबतीत दलालाचं स्वतःचं खातेपान या कामात शीटपेक्षा चांगलं असतं, हे मान्य करतो. बोनसनंतर नवे शेअर जमा होईपर्यंतचे एक-दोन दिवस तिथेही गुंतवणूक निम्मी झालेली दिसते, तेवढं सोडून.

आता ॲप. त्यांचं काम चांगलं आहे, हे आधी सांगतो. कॅस चढवलं की मिनिटभरात सगळे फंड, एक्सआयआरआर, कुठल्या कंपनीत आपला किती पैसा आहे, दोन फंडांत सारखे शेअर किती, हे सगळं समोर. हे शीटमध्ये करायला जन्म जाईल. ॲप वर्षातून दोनदा उघडणाऱ्या माणसाला त्याहून सोयीचं काही नाही.

पण वर्षातून दोनदा कोण उघडतो? श्लोमो बेनार्त्सी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं, की तोट्याचं दुःख नफ्याच्या आनंदापेक्षा जास्त लागत असल्याने, जो जितक्या वेळा हिशेब पाहील तितकी त्याला समभागांची जोखीम मोठी वाटेल. रोज पाहिलं तर लाल दिवस जवळजवळ हिरव्या दिवसांइतकेच दिसतात. ॲपचा पहिला पडदा आजचा चढ-उतार दाखवतो. पाच तारखेला हप्ता भरायचा आणि बाकी काही करायचं नाही, असा ज्याचा नेम आहे, त्याला आजचा चढ-उतार दाखवणारं साधन म्हणजे उपवासाच्या दिवशी समोर मिठाईचं ताट. वर त्याच पडद्यावर ‘नवीन फंड पाहा’ असं बटण असतं, कारण फुकट ॲपचं पोट त्यावरच चालतं.

फुकटपणाची दुसरी बाजू टिकण्याची. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेलं मिंट इंट्युटने मार्च २०२४ मध्ये बंद केलं. आपल्याकडे २०२४ मध्येच कुवेरा क्रेडकडे गेलं आणि ईटी मनी ३६० वनकडे. विकलं गेलं म्हणजे बिघडलं असं नाही. पण तीस वर्षांच्या पद्धतीची नोंद अशा जागी ठेवायची असेल, तर ‘माझी सगळी माहिती एका फाइलमध्ये मला बाहेर काढता येते का’ हे पहिल्या दिवशीच करून पाहावं. मी पाहिलं तेव्हा एका ॲपमधून फक्त पडद्याचं चित्र काढता येत होतं. त्याच दिवशी ते काढून टाकलं.

आणि परवानग्या. काही साधनं तुमचा मेलबॉक्स वाचायची मुभा मागतात, म्हणजे पत्रकं आपोआप उचलता येतील. सोयीचं आहे, पण त्याच डब्यात ओटीपी, वीजबिल आणि डॉक्टरांचे अहवालही असतात. कॅसची फाइल स्वतः चढवणं हा पाच मिनिटांचा त्रास आहे, तो घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतली अकाउंट ॲग्रीगेटर व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. तिथे संमती मुदतीची असते, मागे घेता येते, आणि मधला दलाल माहिती वाचू शकत नाही. आपोआपच हवं असेल तर निदान या वाटेने.

संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी ग्नूकॅश आहे, मजकुराच्या फाइलवर चालणारं बीनकाउंट आहे, कॅसची पीडीएफ फोडून आकडे काढणारी कॅसपार्सर नावाची मुक्त संहिता आहे. दुहेरी नोंद पद्धत असल्याने ताळा पैशापर्यंत जुळतो. ग्नूकॅश ज्या संहितेकडून भाव आणतं, तिच्यात ॲम्फीच्या एनएव्हींची सोयही आहे. मी दीड वर्ष केलं. मजा आली. पण घरात दुसरं कुणीही ते उघडू शकत नव्हतं, आणि तेवढ्यावर विषय संपला.

करासाठी वेगळं साधन शोधू नये. समभाग फंडांवर २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्याला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के आणि अल्प मुदतीला वीस टक्के. आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरायचं. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वीच्या युनिटांना ३१ जानेवारी २०१८ चा भाव पाहायचा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांना तुमचा टप्प्याचा दर. दर हप्ता ही वेगळी खरेदी असल्याने दहा वर्षांच्या एका एसआयपीत अशा १२० खरेद्या असतात. कॅम्स आणि केफिनटेक भांडवली नफ्याचं पत्रक तयार देतात. ते घ्यावं आणि सीएला द्यावं.

मग माझी व्यवस्था काय? कॅस वर्षातून दोनदा. एक शीट, त्यात साठ-चाळीसचा वाटा आणि पीपीएफ धरून सगळं. ती १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला उघडायची. पीपीएफमध्ये वर्षाची रक्कम ५ एप्रिलच्या आत भरायची असते, कारण महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिल्लकीवर मोजतात. त्यामुळे एप्रिलची तारीख सोयीची पडते. ॲप एकच, सूचना बंद करून. आणि एक वही. तिच्यात आकडे नाहीत. नेम काय आहे ते पहिल्या पानावर, आणि नेम मोडला किंवा मोडावासा वाटला तर तारीख घालून एक ओळ. सहा वर्षांत अकरा ओळी झाल्यात. त्यातल्या चार ओळींत नेम मोडलेला आहे, आणि चारही वेळा बाजार वर जात असताना, खाली येताना नव्हे. हे मला कुठल्याही ॲपने सांगितलं नसतं.

सासरे गेले तेव्हा त्यांच्या फोनचं कुलूप कुणालाच माहीत नव्हतं. फोनवर त्यांची एक शीटही होती, सुंदर, रंगीत आलेखांची, असं ते सांगत; ती आम्ही कधी पाहिली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर फोलिओ क्रमांक, नामनिर्देशन कुणाचं, कुठल्या बँकेतून हप्ता जातो, हे शाईने लिहिलेलं होतं. सासूबाईंनी ते पान घेऊन निबंधकाच्या शाखेत अर्ज केला आणि दोन महिन्यांत बहुतेक सगळं नावावर झालं. १ एप्रिल २०२५ पासून डीमॅट आणि फंडांची पत्रकं डिजिलॉकरमध्ये ठेवण्याची आणि तिथे वारस नेमण्याची सोय सेबीने केली आहे. दहा वर्षं कुणी हात न लावलेले फोलिओ शोधायला ‘मित्र’ नावाचं दालनही आलंय.

वहीच्या त्या शेवटच्या पानावर सर्वात वर एक फोलिओ आहे, १९९६ सालचा. म्युच्युअल फंडांना पॅन सरसकट लागू झालं २००७ मध्ये, त्यामुळे तो पॅनला जोडलेला नाही आणि कुठल्याच कॅसमध्ये उमटत नाही. त्याच्यापुढच्या ‘का’च्या रकान्यात लिहिलंय : ‘बाळंतपणासाठी.’ तो शोधायचा अर्ज मागच्या आठवड्यात भरलाय.